ऐब सांगून दिलेले यंत्र

मावळातला पाऊस सगळीकडे एका मापाने पडत नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास, पुण्यात सातशेच्या घरात आणि आमचे देहूरोड या दोहोंच्या मधे. गवत माजायला तो भरपूर होतो. डोंगर हिरवे झाले की लोक गाड्या काढून भुशी धरणाकडे निघतात. शाळेतल्या शिक्षिकेला मात्र त्याच हिरवाईची धास्ती वाटते. ती मैदानात वाढते, भिंतीच्या कडेला वाढते आणि मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवरही वाढते.

मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सांगितले आहे. आमच्या शाळेत ती आहेत. पण मुलींचे मैदानाच्या पार टोकाला आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथवरची वाट गुडघाभर गवतात हरवते. तीन वर्षांपूर्वी त्या गवतात घोणस दिसली. कुणाला काही झाले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दिवसापासून मुलींनी त्या बाजूला जाणे सोडले. त्यासाठी त्यांनी एक सोपा उपाय शोधला, पाणीच प्यायचे नाही. सकाळी आईने भरून दिलेली बाटली दुपारी तशीच घरी जाऊ लागली. सातवीतल्या एका मुलीला लघवीच्या वेळी जळजळ होऊ लागली, तेव्हा तिची आई शाळेत आली आणि हा सगळा प्रकार उघड झाला.

आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून मजूर लावला. त्याने विळ्याने वाट मोकळी करून दिली. तीन आठवड्यांत गवत पुन्हा होते तेवढे झाले. पावसाळ्यात चार-पाच वेळा असा खर्च करणे कुणालाच झेपणारे नव्हते. मग मी गवत कापायचे मशीन घ्यायचे ठरवले. मावळात भातशेती करणाऱ्यांकडे ते हल्ली बरेच दिसते. खांद्याला पट्ट्याने अडकवायचे, मागे लहानसे पेट्रोल इंजिन, पुढे लांब नळी आणि टोकाला फिरणारे पाते. नवे चांगले मशीन दहा-बारा हजारांच्या पुढे. म्हणून जुने पाहायला निघाले.

निघण्याआधी अब्बांनी धडा दिला. त्यांनी डेपोत तीस वर्षे फिटर म्हणून काढली. घरी आकुर्डीला तयार झालेली बजाज चेतक होती. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घ्यायचे, स्कूटर सुरू झाली नाही की एका बाजूला कलती करायची, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेले. अब्बा म्हणाले, “बेटा, चालू करने से पहले इंजिन को हात लगाके देख. गरम रहा तो समझ जा, तेरे आने से पहले चालू करके रखा है.” थंड इंजिन पहिल्या चार-पाच झटक्यांत सुरू झाले तरच ते निरोगी.

पहिले मशीन हमरस्त्यावरच्या एका दुकानात पाहिले. नवा लाल रंग, चकचकीत पाते. “एकदम ओके आहे मॅडम, काही बघायलाच नको.” मी इंजिनला हात लावला. ते गरम होते. मी सलाम करून बाहेर पडले.

दुसरे मशीन एका सहकारी बाईंच्या ओळखीने कामशेतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे मिळाले. लोकलने कामशेतला उतरले आणि पुढे रिक्षा केली. मशीन गोठ्याच्या आढ्याला टांगलेले, रंग उडालेला, पट्टा तुटलेला. मी काही विचारायच्या आधीच ते काका म्हणाले, “बाई, आधीच सांगतो. हे थंड असताना सुरू होत नाही. झालंच तर गती वाढवली की बंद पडतं. पट्टा गेलाय. आणि खालच्या गिअरमधून आवाज येतो, त्यात मी दोन वर्षं ग्रीस घातलेलं नाही. बाकी पिस्टन चांगला आहे, तो तुम्ही खोलून बघा.” त्यांनी साडेतीन हजार सांगितले, मी तीन म्हणाले आणि तेहतीसशेला सौदा झाला. निघताना काकींनी पिशवीत इंद्रायणी तांदूळ बांधून दिला.

घेण्यापूर्वी अब्बांनी शिकवलेल्या दोन गोष्टी मी तिथेच करून पाहिल्या. सुरू करायच्या दोरीची मूठ धरून मशीन वर उचलले. ते दोरीवर लोंबत राहिले, हळूहळू खाली आले. म्हणजे सिलिंडरमधला दाब टिकून होता. दोरी लगेच सुटली असती तर इंजिन आतून झिजलेले आहे, असे समजायचे. मग धुराड्याचे दोन स्क्रू काढून टॉर्चने आत पाहिले. पिस्टनवर उभे ओरखडे नव्हते. काका खरे बोलले होते.

परतीच्या लोकलमध्ये मशीन दाराशी उभे करून मी विचार करत होते. बाजाराची जुनी समजूत अशी की ग्राहकाने आपले डोळे उघडे ठेवावेत. आपल्या देशातला १९३० चा मालविक्री कायदाही काही अपवाद सोडले तर याच समजुतीवर उभा आहे. इस्लामी शरियतीने विक्रेत्यावर जास्त भार टाकला आहे. लपवलेला दोष नंतर उघडकीस आला तर ग्राहकाला माल परत करण्याचा हक्क आहे. त्याला ‘खियारे ऐब’ म्हणतात. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतला माल ओला लागला, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पावसाने धान्य भिजले, यात त्या व्यापाऱ्याचा काही दोष नव्हता. भिजलेले धान्य त्याने वर ठेवले नाही, हा दोष होता. कामशेतच्या त्या काकांनी हा प्रसंग बहुधा ऐकलेला नसेल. पण त्यांनी ओले धान्य आपणहून वर ठेवले.

आणि यात ग्राहकाचा नुसता पैसाच वाचत नाही. सांगितलेला ऐब हा दुरुस्तीचा पत्ता असतो. थंडपणी सुरू होत नाही आणि गती देताच बंद पडते, एवढे ऐकताच अब्बा म्हणाले, “कार्बोरेटर.” रंग लावलेल्या मशीनमध्ये आम्हाला तेच शोधायला आठवडा लागला असता.

अब्बांचे हात आता थरथरतात. म्हणून ते खुर्चीत बसून सांगत आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात. या लहान इंजिनाच्या कार्बोरेटरमध्ये स्कूटरसारखा तरंगणारा फ्लोट नसतो. मशीन आडवे-तिरपे झाले तरी पेट्रोल मिळत राहावे म्हणून त्यात पातळ रबरी पडदे असतात. इंजिनाच्या आतल्या दाबाच्या चढउतारावर पडदा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. आमचा पडदा पापडासारखा कडक झाला होता. टाकीत मागच्या हंगामाचे पेट्रोल होते, त्याला वार्निशसारखा वास येत होता. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरालाही सोसत नाही. महिनोन्‌महिने ते टाकीत राहिले की बारीक छिद्रे बुजतात.

त्या रविवारी मिसिसागाहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. टेबलावर उघडलेला कार्बोरेटर पाहून तो हसायलाच लागला. त्याने तिकडे बर्फ उडवायचे एक जुने मशीन घेतले होते. घरापुढचा गाडीचा रस्ता हिवाळ्यात स्वतःच साफ करावा लागतो. त्याचे मशीन साध्या प्रकारचे, एकच रबरी कडेचे फिरते पाते बर्फ ओढते आणि तेच बाहेर फेकते. मोठ्या मशीनला फेकण्यासाठी वेगळा पंखा असतो. त्याचेही मशीन उन्हाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून पडले होते आणि त्याचाही कार्बोरेटर बुजला होता. अम्मी पलीकडून म्हणाली, “वहाँ बर्फ, यहाँ घास. बीमारी एकच.”

आम्ही पडद्यांचा संच, पेट्रोलची नळी, टाकीतली जाळी आणि प्लग नवे घातले. धुराड्यातली काजळी खरवडली, गिअरमध्ये ग्रीस भरले. कॅनव्हासचा पट्टा मोहल्ल्यातल्या शिलाईवाल्या खालांनी शिवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. बाकी सगळे मिळून साडेआठशे रुपये लागले. या इंजिनात ऑईलची वेगळी जागा नसते. म्हणून एक लिटर पेट्रोलला चाळीस मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑईल मोजून मिसळले. चौथ्या झटक्याला ते बोलू लागले. अब्बांनी खुर्चीतूनच टाळी वाजवली.

असे मशीन घेऊ पाहणाऱ्या भगिनींना दोन-तीन गोष्टी सांगते. ओढणी घरी ठेवावी, डोक्याला स्कार्फ घट्ट बांधावा. पायात बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पाते खडे गोळीसारखे उडवते. कापताना पंधरा मीटरच्या आत कुणी नको, मुले तर मुळीच नकोत. मी रविवारी सकाळी जाते. आधी लांब काठीने गवत झोडपते आणि थोडा वेळ थांबते. आत जे कुणी असेल त्याला निघून जायला वाट द्यावी. मग उजवीकडून डावीकडे, सावकाश.

पहिल्या पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी वाट मोकळी केली. पहिल्या दिवशी मुली लांबून पाहत राहिल्या. मग आठवीतल्या दोघी हातात हात घालून गेल्या आणि परत येऊन नळावर पोटभर पाणी प्यायल्या. नंतर काही सांगावे लागले नाही. आता मधल्या सुट्टीत नळापाशी रांग लागते, भांडणेही होतात. ती भांडणे सोडवायला मला कधी कंटाळा येत नाही.

दिवाळीच्या सुमारास गवत वाळते, तेव्हा मी टाकी रिकामी करते, इंजिन बंद पडेपर्यंत चालवते आणि मशीन टांगून ठेवते. त्याच्या नळीला एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत लिहिले आहे : गिअरचा आवाज अजून येतो. उतारावर धरले की कधी कधी बंद पडते. पेट्रोल आत ठेवू नये. माझी बदली झाली, किंवा शाळेने नवे मशीन घेतले आणि हे कुणाला द्यायची वेळ आली, तर घेणाऱ्याला माझी गाठ घ्यावी लागणार नाही. ऐब मशीनसोबतच जाईल.