आजीचा प्रश्न

काशीला संकठा देवीचं दर्शन घेऊन आजी आणि मी घाटाच्या पायऱ्यांवर टेकलो. मी तिला नीळकंठशास्त्री गोऱ्यांची गोष्ट सांगत होते.

शास्त्रीबुवा काशीतल्या मराठी ब्राह्मण घरातले. मिशनऱ्यांशी वाद घालता घालता बायबल वाचू लागले आणि १८४८ साली ख्रिस्ती झाले. पुढे पाद्रीही झाले. १८५३ मध्ये इथेच त्यांना मुलगी झाली, लक्ष्मी. थोड्याच दिवसांत तिची आई गेली आणि लेक युरोपीय कुटुंबांत वाढली.

मला वाटलं, आजी आता धर्मावर बोलेल. ती एवढंच म्हणाली, "त्या तान्हीला आपल्या माणसांपैकी कुणी जवळ घेतलं का गं?"

पाद्रीबाबांची प्रवचनं आपण ऐकतो. त्यांच्या घरातलं दुःख मात्र विचारायचं राहून जातं.

मला मावशी आठवली. तिनं चर्चमध्ये लग्न केलं, तेव्हापासून आजीनं तिच्याशी बोलणं टाकलंय. मावशीची मुलगी आता चार वर्षांची आहे. आजीनं तिला फक्त फोटोत पाहिलंय.

बराच वेळ आजी गंगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फोन लाव तिला."

मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं, पण आजीला काही केल्या बोलताच येईना.