नकाशाकडे एक मागणे

वर मागण्याची वेळ आली की माणसाची दृष्टी आपल्या अंगणापलीकडे जात नाही. इमारतींचे आराखडे करणाऱ्या सॉफ्टवेअरकडून त्या धंद्यातील मंडळी काय काय इच्छितात हे ऐकताना मला याचा प्रत्यय येतो. आर्किटेक्टला वळणदार जिना झटकन काढता यावा असे वाटते. इंजिनीअरला सळयांचा हिशेब आपोआप हवा असतो. वीजवाला आणि नळवाला यांना निदान आपल्या रेघा कोणी पुसू नयेत एवढीच आशा असते. मी आजवर इंग्रजी काव्य शिकविले आहे. चुनाविटांशी माझा संबंध नाही. परंतु कॉलेजच्या इमारत-समितीवर बसावे लागल्यामुळे या चौघांचे नकाशे एकाच टेबलावर पसरलेले पाहण्याचा योग आला, आणि मलाही एक मागणे सुचले.

हे चारही जण एकाच डोक्यात नांदत असत, असा काळ आमच्या भंडारा जिल्ह्याने पाहिला आहे. येथील जुने तलाव कोहळी मंडळींनी बांधले. पाणी कोठून येईल, पाळ किती उंच हवी, तुडुम कोठे बसवावे, सांडवा कोणत्या अंगाला काढावा आणि शेवटच्या बांधीतल्या धानाला पाणी केव्हा पोचेल, हे सारे एकाच जाणत्या माणसाच्या मनात असे. पाळ हातभर वाढविली तर कोणाचे शेत बुडेल हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारात आले, आणि ते एक मन अनेक कचेऱ्यांत वाटले गेले. त्यात कोणाचा दोष नाही. आजची इमारत एका डोक्यात मावण्यासारखी राहिलेलीच नाही.

ते हरवलेले डोके पुन्हा मिळवून देण्याचे अभिवचन या नव्या साधनांनी दिले. १९८२ च्या ऑटोकॅडला केवळ रेघा कळत. २००० साली आलेल्या रेव्हिटला भिंत ही भिंत म्हणून कळू लागली. ती सरकविली की तिच्यातील खिडकीही सरकते, छेदचित्र बदलते आणि सामानाची यादी आपोआप सुधारते. तुळईतून नळ जाऊ लागला तर लाल खूण उमटविणारी साधनेही आता आहेत. हे कौतुकास्पद खरेच. पण लाल खूण उमटते ती देहाला देह धडकला म्हणून. हेतूला हेतू धडकला तर काय?

आमच्याच इमारतीत सामानाची म्हणून आखलेली एक खोली पुढे संगणकांची झाली. भिंत हलली नाही, तुळई हलली नाही. फक्त चार दिव्यांसाठी टाकलेल्या तारेवर ओळीने यंत्रे बसली. नकाशाच्या लेखी खोलीचे नाव म्हणजे चार अक्षरे. ती बदलल्याचे वीजवाल्याला कोण सांगणार?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरांपैकी दहा अर्भके गेली, सात वाचली. ती आग नकाशाच्या उणिवेने लागली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. मात्र त्या दिवसापासून कोणत्याही खोलीचा आराखडा समोर आला की तिच्यात कोण निजणार, त्याला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येईल काय, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. हा प्रश्न एकट्या आर्किटेक्टचा नाही, आणि एकट्या वीजवाल्याचाही नाही. म्हणूनच तो कोणाचाच न राहण्याची भीती.

माझे मागणे ते एवढेच. खोलीचा उपयोग बदलला की त्या बदलाची हाक तार, हवा, पाणी, वाट यांच्या प्रत्येक जबाबदार माणसापर्यंत जावी, आणि त्याने "पाहिले" असे लिहीपर्यंत ती थांबू नये. तार एवढीच जाड का, दार बाहेरच उघडणारे का, याचे कारण त्या दाराशेजारी लिहिलेले असावे.

आता यात एक अडचण व्यवहाराची आहे. इमारत पन्नास वर्षे उभी राहते. रेव्हिटसारखे साधन आता वर्षाच्या भाड्याने मिळते. भाडे थकले की स्वतःच्याच नकाशाला कुलूप! २०२० च्या जुलैत इंग्लंडातील नामवंत आर्किटेक्ट मंडळींनी रेव्हिटच्या मालकांना खुले पत्र धाडून वाढत्या खर्चाची आणि मंद सुधारणांची तक्रार केली होती. ती मंडळी श्रीमंत; आमच्या तालुक्याच्या गावी काय कथा? आयएफसी नावाची एक सामाईक मांडणी आहे, २०१३ पासून तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे. तिच्यात उतरविलेला नकाशा निरनिराळ्या साधनांत उघडतो. पण या घागरीतून त्या घागरीत ओतताना थोडे सांडतेच, आणि सांडते ते बहुधा कारणच असते.

आणि ते कारण मराठीत असावे. दहा वर्षांनी तुमसरचा किंवा पवनीचा एखादा वायरमन त्या खोलीत शिडी लावून उभा राहील, तेव्हा त्याच्या हातातील फोनवर त्याला ते वाचता आले पाहिजे.