जुन्या लुगड्याची दुपटी

घरात येणारं सगळ्यात नवं माणूस आपल्याकडे सगळ्यात जुन्या कापडात गुंडाळतात. का, असं विचारलं तर घरातली बायका-माणसं उत्तर देत नाहीत, कापडच आपल्या गालाला लावून दाखवतात. वर्षानुवर्षं धुतलेलं, पाणी पिऊन मऊ झालेलं सुती लुगडं. खळ केव्हाच गेलेली, रंग विटलेला, काठ तेवढे अजून हट्टानं लाल. नव्या कापडातली खळ कोवळ्या अंगाला टोचते, म्हणून दुकानातून आणलेलं दुपटंसुद्धा आधी तीनचार पाण्यांतून काढावं लागतं.

बायकोला सातवा लागला आणि माझ्या आईनं ट्रंक उघडली. तळाशी आजीचं इरकली लुगडं होतं आणि आजोबांचं धोतर. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं हे एक लुगडं आईनं कुणाला दिलं नव्हतं. कशासाठी ठेवलं होतं ते त्या दुपारी कळलं. नऊवारी म्हणजे आठेक मीटर कापड. त्यातून दुपटी निघाली, झबली निघाली, कानांवरून घ्यायची कुंची निघाली. धोतराचे लंगोट झाले. शिवायला बसल्या सासूबाई. झबल्याला बटण नाही, बंद लावायचे. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, आत दोऱ्याची गाठसुद्धा राहता कामा नये. त्या शिवत होत्या आणि मी शेजारी बसून बंद कापून देत होतो. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच मागून घेतलं होतं.

कारण या सगळ्या तयारीत बापाला काम नसतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला शिरस्ता. त्यामागचं शहाणपण मला मान्य आहे. सासरच्या रगाड्यातून सुटून बाईला आईपाशी उसंत मिळावी, हक्कानं झोपता यावं, यासाठी बायकांनी बायकांसाठी राखलेली ती जागा होती. पण त्या व्यवस्थेत पुरुष दुसऱ्या गावी राहतो आणि निरोप आला की पाहुण्यासारखा बाळ बघायला जातो. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते बारशाला. ते सांगताना त्यांचा आवाज आजही जरा खाली येतो. आम्ही पुष्कळ संध्याकाळी यावर बोललो. शेवटी बायको म्हणाली, “मला आई हवीय आणि तूही हवायस.” मग सासूबाईच साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे राहायला आल्या. दोन आया एका स्वयंपाकघरात आल्या. एकीचे डिंकाचे लाडू, दुसरीचे नारळाच्या पाण्यात भिजवलेल्या हळिवाचे. घरभर तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी असते, गर्भलिंगनिदान केलं जात नाही अशी. प्रत्येक केंद्रात ती लावावीच लागते. असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्या पाटीखाली बसलो की वाटायचं, हिच्यामागे किती न जन्मलेल्या मुली उभ्या असतील. आत गेलो की डॉक्टर आवाज मोठा करत आणि खोली त्या धावत्या ठोक्यांनी भरून जाई. पोटातल्या बाळाचं काळीज मिनिटाला ११० ते १६० वेळा धडधडतं, आपल्या जवळजवळ दुप्पट. मला ते घाईत असल्यासारखं वाटे. बायको म्हणे, घाई कसली, खेळतंय ते.

डोहाळजेवण फुलांचं केलं. मोगरा संपत आला होता, तरी आईनं मंडईत पहाटे जाऊन वेणीपुरता आणला. हिरवी साडी, हिरवा चुडा, ओटी, आणि झाकलेल्या दोन वाट्या: एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हा खेळ मला आवडतो, कारण त्यात खरोखर कुणालाच काही माहीत नसतं. बायकोनं वाटी उघडायच्या आधी पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, “काहीही असो.” पेढा निघाला. पुढे मुलगी झाली आणि आम्ही मोठ्या हौसेनं बर्फी वाटली.

रजेचं मात्र सांगायला हवं. आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळण्याची सोय २०१७ मध्ये कायद्यानं झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायदा काहीच देत नाही. मी साठवलेली रजा लावली. ज्याच्याकडे साठवलेलीही नसेल, त्यानं रात्रभर मूल खांद्यावर घेऊन सकाळी कामावर उभं राहायचं, हे मला आपल्या समाजाला न शोभणारं वाटतं.

मुलगी श्रावणात आली, पहाटे, पाऊस लागलेला असताना. कळांची ती रात्र बायकोची आहे. त्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं ते ओझं, तीन किलोलाही न भरणारं, माझ्या हातात दिलं आणि काठाचा लाल रंग तिच्या गालापाशी आला. नुकत्या जन्मलेल्या बाळाला वीत-दीड वितीपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. कुशीत धरणाऱ्याचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. मी तो चेहरा शक्य तितका स्थिर धरून बसलो.

सासूबाईंच्या बोटातली सोन्याची अंगठी आणि पर्समधली मधाची बाटली दोन्ही तयार होत्या. पहिल्या वर्षात मध द्यायचा नाही, बाळाच्या आतड्याला त्यातले जंतू सोसत नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग बाटली पिशवीत ठेवत म्हणाल्या, “मग पहिल्यांदा काय द्यायचं?” आईचा चीक. एके काळी वाईट म्हणून पिळून टाकलेलं ते पिवळसर दूध आता बाळाचं पहिलं अन्न मानतात. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. म्हणून बाळगुटीची मुरुडशेंग, वेखंड, जायफळ आणि सहाण फडताळात गेली. वावडिंग-ओव्याची धुरीही बाळाच्या खोलीतून हद्दपार झाली. धुरानं छाती भरते. लाडू राहिले, मालीश राहिलं, दुपटी राहिली. एका शब्दानं न दुखवता एवढं सगळं बदलणाऱ्या त्या दोघी आयांचं मला फार कौतुक वाटतं.

पावसात दुपटी वाळेनात. घरभर दोऱ्या, पंख्याखाली लंगोट, आणि मी इस्त्री घेऊन उभा. मुलीचं पहिलं महत्त्वाचं काम मला मिळालं ते हे. इस्त्रीखाली ओलं सूत वाफ सोडतं, तेव्हा त्यातून जुन्या कापडाचा वास येतो.

पाचवीच्या रात्री आईनं पाट मांडला. सटवाई येते, बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं, समई रात्रभर तेवत ठेवली. माझा सटवाईवर विश्वास नाही, पण त्या रात्री मी झोपलो नाही. आजीचं पहिलं मूल बारशापर्यंत पोचलं नव्हतं. त्या काळी नाळ कशानंही कापत, त्यातून धनुर्वात होई आणि तो नेमका या पहिल्या दिवसांतच दिसू लागे. घरोघरी बायका जाग्या राहत त्या कशासाठी, हे मला तेव्हा समजलं. आता गरोदरपणी दंडात सुई टोचतात, नाळ निर्जंतुक कात्रीनं कापतात. २०१५ मध्ये भारत नवजात धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. आजीला हे सगळं थोडं आधी मिळायला हवं होतं. तिचंच लुगडं अंगाभोवती घेऊन तिची पणती समईच्या उजेडात मुठी आवळून झोपली होती.

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याच्या वरून-खालून फिरला, मग मुलगी. माझ्या बहिणीनं कानाशी तोंड नेऊन “कुर्रर्र” केलं, नाव सांगितलं, आणि सगळ्या बायकांनी मिळून आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. त्या आवाजानं मुलगी जी रडायला लागली ती थांबेचना. वडिलांनी तिला उचललं, घुगऱ्यांच्या पातेल्यापासून दारापर्यंत आणि दारापासून पातेल्यापर्यंत फेऱ्या मारू लागले, आणि कुणी घ्यायला आलं तरी देईनात.