प्रत्यक्षाचा रकाना

गेली अकरा वर्षं मी आमच्या बचत गटाची वही लिहिते. बारा बायका, महिन्याला प्रत्येकीचे शंभर रुपये, कर्जाचे हप्ते आणि त्यावरचं व्याज. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, खाली शिल्लक. शिल्लक पासबुकाशी जुळली की वही मिटायची. हिशोब म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत होती.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी बऱ्याच शहरांत काही वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते, त्यामुळं प्रचाराचे भोंगे पुष्कळ दिवसांनी ऐकू आले. जो येई तो एकच शब्द बोले. निधी. निधी आणला, निधी आणू, इतक्या कोटींचा निधी. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या हातात घरपट्टीचं बिल होतं. माझे पैसे आणि हा निधी एकाच पेटीत जातात का? आजूबाजूला पाच-सहा जणांना विचारलं. कुणालाच नीट सांगता आलं नाही. आपल्याच शहराचा हिशोब आपल्याला ठाऊक नाही, हे मला फार लागलं.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या खात्यात त्यांची नोकरी झाली, आता निवृत्त आहेत. त्यांनी सांगितलं, "बाई, विचारत काय फिरतेस? सोमवारी तीन वाजता जा आणि कागद बघ." राज्य सरकारनं 2018 मध्येच तसा निर्णय काढला आहे. जिल्ह्यातल्या आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकाला अभिलेख पाहता येतात. मला हे माहीत नव्हतं. गटातल्या एकीलाही माहीत नव्हतं.

आमच्या निलंगा नगरपरिषदेच्या पायऱ्या मी आजवर बिल भरायला आणि दाखला काढायलाच चढले होते. त्या सोमवारी चढताना पाय जड झाले होते. "काय बघायलाव ताई?" लिपिकानं विचारलं. "अंदाजपत्रक," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला परका वाटला. त्यांनी खुर्ची दिली आणि अंदाजपत्रकाचं पुस्तक समोर ठेवलं.

पहिलं पान उघडलं आणि मी गोंधळून गेले. एका ओळीसमोर चार-चार आकडे. गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष, यंदाचा मूळ अंदाज, यंदाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. मग महसुली जमा, भांडवली जमा आणि असाधारण जमा. यातला खरा आकडा कोणता? मी सवयीनं शेवटच्या पानावर गेले, एकूण बेरीज बघितली आणि डोळे विस्फारले. एवढा पैसा आहे? पहिले दोन तास त्या बेरजेकडं बघण्यातच गेले.

संध्याकाळी काकांकडं वही घेऊन गेले. मी उतरवून आणलेल्या बेरजेवर त्यांनी पेन्सिलीनं काट मारली. "यातला अर्धा पैसा तुमचा नाही," ते म्हणाले. ठेकेदाराची बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, सरकारसाठी वसूल केलेले कर, हे सगळं असाधारण जमेत येतं आणि तसंच परत जातं. आमच्या गटात एखादीनं दागिना सांभाळायला ठेवला तर तो मी गटाच्या शिलकेत धरणार नाही. इथंही तसंच. भांडवली जमा म्हणजे योजनांचा पैसा. नगरोत्थान, अमृत, वस्ती सुधार, प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवायचा असतो आणि ज्या कामाला पैसा आला त्याच कामाला तो लावायचा असतो. रस्त्याच्या पैशातून दिव्याचं बिल भरता येत नाही. मग शहराचं स्वतःचं काय? मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, बांधकाम परवानगीचं शुल्क. एवढंच.

पुढच्या सोमवारी मी फक्त महसुली जमेची पानं मागितली.

तिथं एक ओळ दिसली, जकातीपोटी सहाय्यक अनुदान. जकात हा शब्द मी सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. शहरात येणाऱ्या रस्त्यांवर नाके असायचे, मालाची गाडी थांबायची, पावती फाटायची. पालिकेला रोजचा पैसा दारातच मिळायचा. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांची आणि गाडीवाल्यांची अडवणूक थांबली, ते चांगलंच झालं. पण पालिकेच्या हातचं उत्पन्न गेलं आणि त्याच्या जागी मुंबईहून येणारं अनुदान आलं. अनुदान आलं की पगार, नाही आलं की वाट बघा. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीनं 1993 मध्ये शहरांना स्वराज्य दिलं असं आपण शिकतो. ज्या घराची चूल दुसऱ्याच्या मनीऑर्डरवर पेटते त्या घराला आपण स्वतंत्र म्हणत नाही. नगरपरिषदांच्या बाबतीत हा विचार कुणी मोठ्यानं करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग माझं बिल मी अंदाजपत्रकाशेजारी ठेवलं. घरपट्टीच्या एका बिलात किती ओळी! शिक्षण कर राज्य सरकारचा, नगरपरिषद तो फक्त गोळा करून पुढं पाठवते. वृक्ष कर झाडांसाठी. रोजगार हमीचा कर घराला नाही, दुकान-कारखान्याला. इतकी वर्षं मी शेवटचा आकडा बघून पैसे मोजत आले. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, हेही त्या दिवशी कळलं. आमच्या गटाचं कर्जसुद्धा याच दरानं आहे.

थकबाकीचं प्रकरण मला सगळ्यात उशिरा उमगलं, आणि सगळा हिशोब तिथंच अडकतो. काकांनी उदाहरण दिलं ते असं. समजा एका शहराची यंदाच्या कराची मागणी शंभर रुपये आहे आणि मागची थकबाकी ऐंशी. अंदाजपत्रकात जमा धरली एकशे ऐंशी. खर्चही तेवढ्याचाच आखला. गटारी, दिवे, बगीचा, सगळ्यांना थोडं थोडं. कागदावर शिल्लक दिसते, टाळ्या वाजतात. वर्षात वसूल होतात नव्वद. मग सुधारित अंदाजात बगीचा जातो, मग दिवे जातात. कुणी पैसा खाल्ला असं नाही. जो पैसा आलाच नाही तो वाटला होता. म्हणून काका म्हणतात, अंदाजाचा रकाना इच्छा सांगतो, प्रत्यक्षाचा रकाना ऐपत सांगतो.

याला आणखी एक पदर आहे. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या वर्षांसाठी शहरांना अनुदान दिलं. आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानातले 60 टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. त्यालाही अटी होत्या. हिशोब लोकांसाठी ऑनलाइन ठेवायचे आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या जोडीनं वाढवत न्यायची. म्हणजे माझ्या गल्लीतल्या थकबाकीचा धागा थेट दिल्लीपर्यंत जातो. मी कर भरला नाही तर माझेच पैसे कमी पडतात असं नाही, वरून येणाऱ्या पैशाची वाटही अडते. पाण्याचंच बघा. आम्हाला माकणीच्या धरणातून पाणी येतं. ते उपसून निलंग्यापर्यंत आणायला वीज लागते, विजेचं बिल लागतं. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही जवळच्या तालुक्यातून पाहिलं आहे. पाण्याच्या हिशोबाबद्दल तरी इथल्या माणसानं बेफिकीर राहू नये.

नगरसेवकांचं काम काय, हेही याच फेऱ्यांत कळलं. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात कलम 101 अंदाजपत्रकाचं आहे. मसुदा मुख्याधिकारी करतात, तो स्थायी समितीपुढं जातो आणि मग अंदाजपत्रकाच्या विशेष सभेपुढं येतो. ही सभा फेब्रुवारीत होते, कारण 1 एप्रिलला नवं वर्ष लागतं. दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी 5 टक्के राखून ठेवायचे असतात. तरतूद केली म्हणजे खर्च झाला असं नव्हे, तो आकडाही प्रत्यक्षाच्या रकान्यातच शोधावा लागतो. महिला व बालकल्याणाची ओळ मी तशीच शोधली. तीन वर्षांचे आकडे वहीत उतरवून घेतले आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. आमच्या बायकांनी दोन तास प्रश्न विचारले. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला आली नाहीत, ती मी पुढच्या सोमवारसाठी लिहून घेतली.

खर्चावर नजर कशी राहते तेही बघितलं. कामाला आधी तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा, कार्यारंभ आदेश, आणि काम झाल्यावर अभियंत्याची मोजमाप पुस्तिका. त्या पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. बिल त्यावरून निघतं. वर्ष सरल्यावर स्थानिक निधी लेखापरीक्षेचे लोक येतात आणि आक्षेप लिहितात. त्यांचा कायदा 1930 चा, ब्रिटिश अमदानीतला. आक्षेपाला अनुपालन द्यावं लागतं, चुकीची रक्कम गेली असेल तर ती वसूलपात्र ठरते. पण लेखापरीक्षा काम झाल्यावर येते, कधी कधी फार उशिरा. काम चालू असताना बघणारा माणूस म्हणजे नगरसेवक, आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले आपण. मला विचाराल तर सगळ्या देखरेखीत हाच भाग सगळ्यात दुबळा आहे. नगरसेवकानं दर महिन्याला जमाखर्च मागून घेतला आणि अंदाजाशेजारी लावून पाहिला, तर मार्चमध्ये कुणाला धक्का बसणार नाही. बचत गटात आम्ही हेच करतो. वही दर बैठकीत मोठ्यानं वाचली जाते, म्हणून अकरा वर्षांत आमच्यात भांडण झालं नाही.

मतं मागायला आले होते त्या सगळ्यांना आता मी निधीऐवजी वसुली विचारते. यंदा मागणी किती, आली किती? ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी मी दोन-चार दिवस थांबते आणि पुन्हा विचारते.

निलंग्यात राहणाऱ्या, आणि औसा, उदगीर, अहमदपूर, देगलूर, कंधार अशा आपल्याकडच्या कोणत्याही लहान शहरात राहणाऱ्या बहिणींना आणि भावांना माझं सांगणं आहे. येत्या सोमवारी तीन वाजता आपल्या नगरपरिषदेत जा. घरपट्टीचं बिल, एक वही आणि पेन बरोबर न्या. शेवटच्या पानावरची बेरीज बघू नका. मालमत्ता कराच्या ओळीवर बोट ठेवा, ते गेल्या वर्षीच्या प्रत्यक्षाच्या रकान्यापर्यंत न्या आणि तो आकडा वहीत उतरवून घ्या.