तीन कातणी

दिवाळीच्या आवराआवरीत फडताळातून करंज्यांची तीन कातणी निघाली. “घरात आहे हे ठाऊक असतं, तर नवं कशाला आणलं असतं?” ही म्हणाली. मला माझी जुनी कचेरी आठवली.

तिथं एकच गिऱ्हाईक तीन खात्यांच्या तीन संगणकांत नोंदलेलं. एक गृहस्थ वारले. एका खात्यानं नाव कमी केलं. बाकीच्या दोघांची पत्रं त्यांच्याच नावानं जात राहिली. एके दिवशी त्यांच्या पत्नीनं ती आणून मुकाट्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

मग आम्ही आराखडा मांडला: कोणती माहिती, कोणतं काम, कुठं चालतं. आज जिला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात, ती ही रीत १९८७ साली जॉन झॅकमन यांनी घरबांधणीच्या नकाशांवरून मांडली. साहेब विचारीत, “फायदा किती?” चौथी यंत्रणा घेणं टळलं, तो आकडा मी सांगे. पण ती पत्रं थांबली, ते कोणत्या रकान्यात लिहायचं?