वणवा दारात येण्यापूर्वी



होळी जवळ आली की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पाल्याचा थर साचतो. पुढे पारा ४५ अंशांवर चढतो. अशा वेळी एक काडी पुरते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वनविभाग आगीचा हंगाम मानतो. आपल्या कित्येक वस्त्या जंगलाला लागून आहेत. म्हणून हा प्रश्न केवळ वनखात्याचा नाही, आपल्या छपराचाही आहे.

वणवा बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागतो. मोहफुले पहाटे गळतात, पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान जाळतात. कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुणी धुरा पेटवून घरी निघून जातो. मोह वेचणाऱ्या बाईला दोष देणे सोपे आहे. पण वाघाच्या रानात पहाटे टोपली घेऊन जाणारी ती माउली हौसेने आग लावत नाही. तिला दुसरा मार्ग दिला पाहिजे. पाला झाडून बाजूला करावा, झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरावी. फुलांना मातीही लागत नाही. तेंदूची झुडपे छाटली, म्हणजे खुटकटाई केली, तरी पालवी फुटते. त्यासाठी आग लागत नाही.

आता घराचे पाहू. घर पेटायला जाळ भिंतीपर्यंत यावा लागत नाही. वाऱ्याने उडालेली ठिणगी पुरते. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव नोव्हेंबर २०१८ मध्ये वणव्यात जवळजवळ सगळे जळाले. त्या आगीत ८५ माणसे गेली, १८ हजारांवर घरे-इमारती नष्ट झाल्या. मग तणसाच्या ढिगाला टेकलेल्या आपल्या घराचे काय?

म्हणून भिंतीलगतची पाच फूट जागा अगदी मोकळी ठेवा. तिथे सरपण नको, गोवऱ्या नकोत, पाला नको. तणसाचा ढीग घरापासून व गोठ्यापासून निदान तीस फूट दूर रचा. कवेलूंच्या फटीत अडकलेला पाला काढा. काडीकचऱ्याचे कुंपण घराला भिडू देऊ नका. चुलीतली राख पाणी टाकून विझवल्याशिवाय उकिरड्यावर फेकू नका. दाराशी पाण्याचा ड्रम भरून ठेवा. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी आपण घर-अंगण झाडूनपुसून लखलखीत करतो. तीच साफसफाई फेब्रुवारीत एकदा आधी करू.

आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. घर जळालेला माणूस एका दाखल्यासाठी किती खेटे घालतो, हे आम्ही टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. जातीचा दाखला, रेशनकार्ड, सातबारा, मुलांच्या गुणपत्रिका एका पिशवीत ठेवा. ती हाताशी ठेवा आणि प्रती दुसऱ्या गावी नातलगाकडे द्या. आग लागलीच तर तलाठ्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या.

पण एकट्याचे अंगण झाडून वस्ती वाचत नाही. शेजारचा ढीग पेटला तर आपलेही घर जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. आपल्या ग्रामसभेतही ठराव घ्या : मोहाखाली आग लावायची नाही, वस्तीभोवतीचा पाला सर्वांनी मिळून झाडून मोकळा पट्टा राखायचा, धूर दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. महिला मंडळांनी आणि तरुणांनी यात पुढे व्हावे.

पै-पै जोडून उभे केलेले घर एका ठिणगीला का द्यायचे? झाडू आपल्या हातात आहे. या रविवारीच सुरुवात करा.