पुढची गोष्ट जरा थांबव

आत्याचं वाचन डोळ्यांनी थांबवलं. कडेकडेचं दिसतं, पण समोरची ओळ पुसल्यासारखी होते. तोवर दिवाळी आली की नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या घरी अंकांचा ढीग लागायचा, तो कथांसाठी. भविष्य, मुलाखती नंतर. १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी कथेला वाचक दिला तो याच अंकांनी.

मग तिच्या हाती फोन आला. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं अ‍ॅप भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि कथा ऐकणं घरोघरी पोचलं. पहिल्या दिवशी मी तिच्या कानात इअरफोन घातले. थोड्या वेळानं तिनं ते काढून ठेवले. म्हणाली, “मिरासदार, शंकर पाटील कथा सांगायचे तेव्हा अख्खं सभागृह हसायचं. इथे मी एकटीच हसून राहिली.” तेव्हापासून फोन स्पीकरवर असतो. दुपारी शेजारच्या काकूही येऊन बसतात.

कथेला शेवटानंतरची जागा लागते, हे मला तिच्या खोलीत बसून कळलं. कादंबरी पुढे पुढे नेते. कथा संपते आणि मग आपल्यात सुरू होते. अंकात कथेनंतर जाहिरातीचं पान यायचं, अंक छातीवर उपडा ठेवता यायचा. फोनवर मात्र शेवटचं वाक्य हवेत असतानाच दुसरा आवाज दुसरी गोष्ट सांगू लागतो. आत्या चिडली, “बंद कर गं ते! मला अजून त्या बाईचं पाहू दे.” ती बाई म्हणजे नुकत्याच संपलेल्या कथेतली. मी सेटिंगमध्ये जाऊन ते आपोआप पुढे जाणं बंद केलं. नंतर ‘ती माहेरी का गेली नाही’ यावर आम्हा दोघींचा चहा गार होईपर्यंत वाद चालला.

माझा भाचा खापरीहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोत दीडपट वेगानं कथा ऐकतो. तो ऐकतो याचा मला आनंदच आहे. पण वाचणाऱ्यानं विचारपूर्वक घेतलेला विराम त्या वेगात चिरडला जातो, आणि कथेत पुष्कळदा तिथेच सगळं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कथांनी मला खरा त्रास होतो. लेखकाचं नाव गळालेलं, नाहीतर कुणाचीही गोष्ट वपुंच्या नावावर. आत्या प्रत्येक वेळी विचारते, “लिहिली कोणी?” उत्तर नसलं की पुढची ओळ वाचू देत नाही.

सध्या तिला वामन चोरघडे ऐकायचे आहेत. नरखेडचे, आपल्या विदर्भाचे, १९७९ च्या चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तिच्याजवळ त्यांचा जुना संग्रह आहे, म्हणून रात्री पंखा बंद करून मीच त्यातल्या कथा तिच्यासाठी फोनवर रेकॉर्ड करते. एकेक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहते. कुठे थांबायचं, हे आता मला ठरवावं लागतं.